जमिनीलगत कापलेले खुंट

मंगळवारी दुपारी तू गेलास. इस्पितळातली ड्यूटी संपवून सक्करदऱ्याच्या घरी आला होतास आणि ओट्यावर बसून बूट काढत होतास. एक बूट काढून झाला होता. वहिनी पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली तेव्हा तू भिंतीला टेकलेला होतास. तिने हाक मारली, तू ओ दिली नाहीस. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असे लिहून दिले. याहून जास्त माहिती कोणाकडे नाही.

तेव्हापासून बसायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो. "हात सोन्याचे होते गा तुझ्या भावाचे." कोणाचा नळ तू बसवलास, कोणाच्या दाराची बिजागरी बदललीस, कोणाच्या पोराचे प्लास्टर त्याला न रडवता काढलेस. मी मान हलवतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी निधनाच्या बातम्या लिहीत आलो आहे. त्यांचे शब्द ठरलेले असतात: मनमिळाऊ, परोपकारी, मितभाषी. त्या बातम्यांत हट्टी माणूस कधीच मरत नाही. हा मजकूर कचेरीसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. म्हणून तू जसा होतास तसाच यात ठेवतो. मी स्वतः काय पाहिले आणि मला कोणी काय सांगितले, हेही वेगळे ठेवतो.

तू आईचा हातमाग काढलास. दोन वर्षांपूर्वी, ती घरात नसताना, तिला न विचारता. त्यानंतर तू असेपर्यंत आई या घरात एक दिवसही राहिली नाही.

माग कसा होता हे तुला सांगायची गरज नाही, पण क्रम सुटू नये म्हणून लिहितो. आपल्या पुढच्या खोलीत जमिनीत कमरेइतका खड्डा. विणणाऱ्याने काठावर बसायचे, पाय आत सोडायचे, आतल्या पावड्या पायाने दाबायच्या. खड्ड्याच्या दोन बाजूंना बाभळीचे दोन खुंट, हातभर जमिनीत गाडलेले. विणून झालेले कापड ज्या गोल लाकडावर गुंडाळत जाते ते या दोन खुंटांना टेकलेले. समोरच्या भिंतीपासून येणाऱ्या साऱ्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, ओढ हे दोन खुंट सोसतात. खुंट बाबांनी गाडले होते. बाबा गेल्यावर मागावर आई बसली आणि आपण दोघे नोकरीला लागलो तरी उठली नाही. विणकर सोसायटीचे सूत आणायची, लुगडी विणून द्यायची. तिला कोणी सक्ती केली नव्हती. तिला तिथे बसायला आवडत होते.

तुला तो खड्डा खुपायला लागला तुझ्या मुलीसाठी स्थळे यायला लागल्यावर. एका मुलाचा मामा चहाची बशी हातात घेऊन मागे सरकला आणि त्याचा एक पाय खड्ड्यात गेला. त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुझे आणि आईचे चालू होते.

"पाहुण्याचा पाय खड्ड्यात गेला माय. चहा सांडला त्याच्या अंगावर. इज्जत गेली."

"त्याले डोये नाहीत का? एवढा मोठा खड्डा नाही दिसला त्याले, पोरगी काय दिसन?"

"लोकायच्या बैठकीत सोफा असते. आपल्या बैठकीत खड्डा."

"मंग तुई बैठक मागं ने. खड्डा पहिले आला हाय, तू मंग आला."

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. तूही हसलास. आईला वाटले विषय संपला. मलाही वाटले.

त्या उन्हाळ्यात तू यंत्र निवडत होतास. माझे तुझ्याशी भांडण आहे ते इथूनच सुरू होते, म्हणून हे तपशिलाने लिहितो.

प्लास्टर रूममध्ये तुझ्या हातात वर्षानुवर्षे एक यंत्र होते. मी कचेरीत नवीन असताना सायकलवरून पडून मनगट मोडून घेतले होते, तेव्हा मी ते पहिल्यांदा जवळून पाहिले. लहान, गोल पाते आणि मिक्सरसारखा आवाज. मी हात मागे ओढला. तू चालू पाते आधी स्वतःच्या तळहातावर टेकवलेस. "पाह्य, हे फिरत नाही. जागच्या जागी थरथरते. कडक असन ते कापते. नरम असन ते त्याच्यासंग हालते, म्हणून कापत नाही." मग माझे प्लास्टर उभे चिरलेस, दोन्ही अर्ध्या बाजू सोलल्यास आणि ओल्या कापसाने माझ्या मनगटावरची मेलेली कातडी पुसून काढलीस. तुझ्यापुढे रोग्यांची रांग होती, तरी तू घाई केली नाहीस. हे खरे आहे, म्हणून नोंदवतो. माझे मनगट आजही सरळ वळते.

त्याच जातीचे यंत्र लाकडाच्या कामाला मिळते, हे तुला कोणीतरी सांगितले. गांधीबागेच्या पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत तू चकरा मारू लागलास. एका रविवारी मला बरोबर नेलेस. दुकानदाराने फळीवर दोन यंत्रे ठेवली. एक ड्रिल मशीन, पुढे गोल करवतीची चकती जोडलेली. दुसरे थरथरणारे, आखातातून परतलेल्या कोण्या माणसाने विकायला ठेवलेले.

"देखो भाईसाब," दुकानदार म्हणाला, "ये घूमनेवाली, ताकतवाली चीज़ है. और वो काँपनेवाली, खिलौना है. डॉक्टर लोग के काम की."

"मी डॉक्टर लोकायच्याच इथं हाय," तू म्हणालास. "दोन्ही चालवून दाखवा."

पिशवीतून तू बाभळीचा एक ओंडका काढलास. बाभळीचाच का, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. ओंडका तू दुकानाच्या फरशीवर उभा धरलास आणि सांगितलेस की काप फरशीला लागून पाहिजे, वर काही उरले नाही पाहिजे. चकतीच्या यंत्राने दोन बोटे लाकूड वर सोडले, कारण त्याहून खाली त्याचे अंगच जात नव्हते. शिवाय ते लाकडात अडकले आणि असे उसळले की दुकानदार मागे सरला. तू हातकरवतीचेही पाहून घेतलेस. तिची मूठ जमिनीला अडते आणि बोटे सोलतात. थरथरणाऱ्या यंत्राला तू वाकड्या मानेचे, सपाट पाते लावायला सांगितलेस. ते हळू चालले. लाकूड करपल्याचा वास आला, थोडा धूरही झाला. पण पाते फरशीवर आडवे टेकून आत गेले आणि ओंडका तळापासून सुटला. तू काप अंगठ्याने चाचपलास. मग पाते हातात घेऊन त्याची जाडी पाहत बसलास, बराच वेळ.

"क्या सोच रहे हो?" दुकानदार म्हणाला. "शादी करनी है इससे?"

"शादीले एवढा विचार नव्हता केला," तू म्हणालास.

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

घेतलेस मात्र त्या दिवशी नाही. आपल्या विजेवर चालेल का हे यंत्रावरच्या पट्टीवर वाचलेस, कारण अमेरिकेचे असते तर ट्रान्सफॉर्मर लागला असता. मोटरमधला कार्बन झिजला तर इथे मिळतो का ते विचारत फिरलास. पात्याचे भोक त्याच कंपनीच्या खुंटीला बसणारे होते. उद्या पाते बोथट झाले तर नवे कुठून आणायचे, हा प्रश्न तुला आठवडाभर पुरला. शेवटी लोखंड कापायच्या करवतीची जुनी पाती घासून, भोक पाडून तू स्वतः चार पाती तयार केलीस, ती दुकानात जाऊन बसवून पाहिलीस आणि मगच यंत्र घरी आणलेस. मी नंतर बांधकामाविषयी लिहिताना कारागिरांना विचारले आहे. यंत्र निवडायची तुझी रीत बिनचूक होती. कोणते काम, कोणते लाकूड, कापायला जागा किती, पाती मिळतात का, वीज कोणती. एकही प्रश्न तू सोडला नाहीस.

एक सोडून. तो आईला विचारायचा होता.

यंत्राबरोबरची पुस्तिका इंग्रजीत होती. ती घेऊन तू कचेरीत आलास. टेलिप्रिंटरच्या आवाजात मी तुला पानामागून पान मराठीत सांगितले. गोल पाते कशाला, सरळ पाते कशाला, दाब किती द्यायचा, लाकडातला खिळा कसा टाळायचा. एका पानावर चित्र होते: दाराच्या चौकटीचा पाय जमिनीलगत कापणारा हात. खाली नवी फरशी सरकवायची असेल तर असे करावे, असे लिहिले होते.

"हे कशाला पाहिजे तुला?" मी विचारले.

"चौकटी," तू म्हणालास. "फरशी टाकतो म्हणतो घरात."

फरशी तू टाकलीस, चौकटीही कापल्यास. म्हणजे तू खोटे बोलला नाहीस. अशा अर्धवट खऱ्या उत्तराला आमच्या कचेरीत काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. पण ती पुस्तिका मी तुला वाचून दिली आणि तिचा उपयोग तू कशासाठी केलास, हे तुझ्यावरचे माझे पहिले गाऱ्हाणे आहे.

दुसरे गाऱ्हाणे त्याच आठवड्यातले. यंत्र तू घरी सगळ्यांना चालवून दाखवलेस. जुन्या पाटाचा कोपरा कापलास, खिडकीवरचा रंग खरवडलास. आई मागावर बसली होती. तिला म्हणालास, "माय, हात दे." तिने धोटा बाजूला ठेवला आणि हात पुढे केला. तू गोल पाते चालू करून तिच्या तळहातावर टेकवलेस.

"गुदगुल्या करते मेलं," आई म्हणाली आणि हसायला लागली.

"घाबरली नाही तू."

"तू धरलं हाय तर काहून घाबरू?"

सरळ पाते लावलेले असते तर तळहाताचे काय झाले असते ते पुस्तिकेत लिहिलेले होते आणि मी ते तुला वाचून दाखवले होते. तू गोल पाते लावलेस, कारण तू पक्का माणूस होतास. तेव्हा तुझ्या मनात सगळे ठरलेले होते. तू तिच्यासमोर, तिच्या खुंटालगत बसून ते यंत्र तिच्या हातावर ठेवलेस आणि तिला हसवलेस. हे मी स्वतः पाहिले आहे. यासाठी मी तुला अजून माफ केलेले नाही आणि आता तू माफी मागूही शकत नाहीस.

पावसाळा संपताना आपल्या ताईच्या घरी तिच्या सुनेचे बाळंतपण आले आणि आई कामठीला गेली. तू रजा टाकलीस. पुढचे मला वहिनीने सांगितले.

मागावर अर्धे विणलेले लुगडे होते. भरला माग मोडायचा नाही, ही आपल्या घरची रीत. बाबा गेले तेव्हाही आईने आधी चढवलेले लुगडे विणून उतरवले होते, मग तेरवीनंतर मागाची फणी धुतली होती. घराला चुना देतानाही तिने भरला माग कधी हलवू दिला नाही. ही रीत तुला माहीत होती. वहिनीने तुला आठवणही दिली. "आईले येऊ द्या, लुगडं उतरू द्या, मंग बोला." तू म्हणालास, "आली का ती दुसरं चढवते. रिकामा माग कधी सापडन?" हे मात्र खरे होते. आई एक उतरवायची आणि त्याच दिवशी दुसऱ्याचे सूत आणायची.

तू अर्धे लुगडे ताण्यासकट, मऊ हाताने, पट्टी गुंडाळतात तसे गुंडाळलेस. मग दोन्ही खुंट जमिनीलगत कापलेस. शहाबादी फरशी आणून बसवलीस आणि खड्ड्याच्या जागेवर दिवाण ठेवलास.

फरशी पाहायला तू मला बोलावले होतेस, म्हणून आई परतली तेव्हा मी तिथे होतो. ती दारातून आत आली. चप्पल काढली. हातात पिशवी तशीच. चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरल्यासारखी ती खोलीकडे पाहत राहिली.

"माग कुठं हाय?"

"माय, बस. आता आराम कर," तू म्हणालास. "लई वर्षं केलं."

"मी थकली म्हणून कोणं सांगतलं तुले?"

"डोळ्यानं दिसते ना."

"भरला होता," आई म्हणाली. "लुगडं भरलं होतं त्याच्यावर."

"नीट काढलं मी. एक धागा तुटला नाही. मशीन अशी हाय ना माय, काप तर पाह्य..."

आईने काप पाहिला नाही. पायात चप्पल घातली आणि बाहेर पडली. मी बसथांब्यापर्यंत मागे गेलो. कामठीची बस आली तेव्हा म्हणाली, "त्याले सांग, बोलायचं असन तर पहिले तो बोलन." मी तुला सांगितले.

कामठीला ताईच्या घरी पॉवरलूम आहेत. त्यांच्या खडखडाटात आई दोन वर्षे सुताच्या कांड्या भरत बसली. तिथे तिला बसायला जागा होती, विणायला नव्हती. तुझ्या मुलीच्या लग्नाला ती थेट कार्यालयात आली, नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि तुझ्याकडे न पाहता बसने परत गेली.

मी तुझ्याशी भांडलो. प्रत्येक वेळी इस्पितळासमोरच्या चहाच्या टपरीवर, कारण घरी वहिनीसमोर तू बोलायचा नाहीस. शेवटचे भांडण मागच्या महिन्यातले.

"कामठीले जा आन तिची माफी माग," मी म्हणालो.

"कायची माफी? मी काही मोडलं नाही."

"माग काढला तिचा."

"काढला. मोडला नाही. तुमा पेपरवाल्यायले फरक नाही समजत का?"

"मग तिला जाऊन सांग हा फरक."

"तिनं एक डाव तोंडानं विचारावं. दोन वर्षं झाले, मायनं मले नावानं हाक नाही मारली."

"ती तुझ्या बोलण्याची वाट पाहते आहे."

"मी तिच्या," तू म्हणालास. "जाऊ दे. येळ आली का सांगीन."

"काय सांगशील?"

तू बशीतला चहा संपवलास आणि ड्यूटीवर गेलास. काय सांगणार होतास हे मला त्या दिवशी कळले नाही. तुम्ही दोघेही समोरच्याने तोंड उघडायची वाट पाहत होतात. अशा दोन माणसांच्या मधल्या खुर्चीत दोन वर्षे बसणे काय असते, हे तुला विचारावेसे कधी वाटले नाही.

मंगळवारी संध्याकाळी आई आली. ताई बरोबर होती. दिवाण बाहेर काढून तुला पुढच्या खोलीत त्याच्याखालच्या चटईवर ठेवले होते. आई तुझ्या पायाशी बसली. ती रडली असे वहिनी सांगते. मी तेव्हा सामान आणायला गेलो होतो, मी पाहिले नाही. मी आलो तेव्हा ती तुझ्या अंगावरची चादर सरळ करत होती.

तुला उचलले तेव्हाचे मात्र मी पाहिले. चार माणसे एकदम उठली आणि त्यांच्या पायाखाली जमीन वाजली. फरशीसारखी नाही. पोकळ. कोणाचे लक्ष गेले नाही. आईचे गेले. तिने मान वर केली आणि लोकांच्या पायांकडे पाहिले.

राख सावडून आम्ही परत आलो. आई मला म्हणाली, "ते चटई उचल. खाली फळ्या हायेत, त्या काढ."

"आई, आज राहू द्या," वहिनी म्हणाली. मग तिलाच राहवले नाही. "त्यायनं कोणाले सांगू नको म्हटलं होतं."

फळ्या काढल्या. खड्डा बुजवलेला नव्हता. झाडून स्वच्छ केलेला होता. आत पावड्या, फणी, धोटा, गोल लाकूड, सारे कागदात बांधून ठेवलेले. ताण्यासकट लुगड्याची गुंडाळी, डांबराच्या गोळ्या घालून. आणि दोन्ही खुंट, इस्पितळातल्या पांढऱ्या पट्टीत नखशिखांत गुंडाळलेले. एकावर चिकटपट्टी लावून तू लिहिले होतेस 'उजवा', दुसऱ्यावर 'डावा'. वरची बाजू कोणती, त्याचा बाणही काढला होतास.

वहिनीने जे सांगितले ते असे. मुलीचे लग्न आणि त्यानंतरची येणीजाणी उरकली की खुंट परत जोडायचे, असे तुझे ठरले होते. लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावून. म्हणूनच यंत्र निवडताना तू पात्याची जाडी पाहत होतास. जाड करवतीने तेवढे लाकूड भुसा होऊन गेले असते आणि कापलेले तोंड तोंडाला बसले नसते. आईला का सांगितले नाहीस, असे तिने विचारले होते. "माय एक डाव बोलू दे, मंग सांगतो," असे तू म्हणालास.

म्हणजे तू भुशाचाही विचार केला होतास.

आईने 'डावा' लिहिलेला खुंट मांडीवर घेतला. पट्टी सोडवली. कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"काप चांगला हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिले. "पण हे हाड हाय का, जुयाले?"

तिने खुंट माझ्यासमोर उभा धरला.

"याच्यावर साऱ्या ताण्याची ओढ येते. जोडलेला खुंट दोन दिवस नाही टिकत. कोणत्याही कोष्ट्याच्या पोराले विचार. त्याच्या बापानं सांगतलं असतं." तिने खुंट परत मांडीवर घेतला. "मी सांगतलं असतं. इचारलं असतं तर."

आयुष्यभर तू मोडलेले हाड पट्टीत गुंडाळून जुळताना पाहिलेस. विणकराच्या घरात जन्मून तू खुंटाला हाड समजलास. तुझ्या साऱ्या शहाणपणात एवढीच एक चूक होती आणि ती दुरुस्त करायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य कामठीत होते. तू कामठीला गेला नाहीस.

आई म्हणाली, "खालचे बुंधे काढा. नवे गाडू."

"आई, सुतक हाय," वहिनी म्हणाली. "तेरवी तरी होऊ द्या. लोक काय म्हणतीन?"

"माह्या मागाचं सुतक कोणं पाळलं वं?" आई म्हणाली. ताई तिला गप्प करायला गेली, तर आईने तिचा हात बाजूला केला. वहिनी आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती शेजाऱ्याची सब्बल, लोखंडी पहार, घेऊन. तिने ती माझ्या हातात दिली.

बुंधे काढणे सोपे नाही. ते हातभर खोल आहेत, वरून जमिनीच्या बरोबरीने कापलेले आणि फरशी त्यांना चिकटून बसवलेली. धरायला काही नाही. तू नाकारलेल्या त्या चकतीच्या यंत्राने सोडली असती तशी दोन बोटे वर असती, तर दोर बांधून ओढता आले असते. सब्बलीने कडेची फरशी फुटली. तुझी फरशी फुटताना मला वाईट वाटले नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तिसऱ्या घावाला मी थांबलो, कारण तू फरशीचे सांधे किती सारखे भरले होतेस ते तेव्हा दिसले. मग पुन्हा सुरू केले.

बसायला आलेले लोक दारातून पाहतात आणि ओट्यावरच टेकतात. तुझ्या इस्पितळातले एक सहकारी आज आले होते. त्यांनी कोट काढून ठेवला आणि अर्धा तास सब्बल चालवली. जाताना म्हणाले, हात सोन्याचे होते. आई म्हणाली, "हात होते. तोंड नव्हतं."

आई मंगळवारपासून इथेच राहिली आहे. ताई एकटी कामठीला परत गेली. उमरेडच्या एका ओळखीच्या माणसाकडे बाभळीच्या दोन खुंटांचा निरोप धाडला आहे, त्याचा जबाब आलेला नाही. आज संध्याकाळी उजवा बुंधा निघाला. डावा अजून जमिनीत आहे.